खकाणा

"आई, दार उघड गं. मी शाल्मली."

"मागच्या महिन्यात तो तपासनीसही हेच म्हणाला," आतून द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि ह्यांच्या आवाजाची शेवटची कॅसेट घेऊन गेला. मेल्यांनो, आता काय उरलंय न्यायला?"

मायलेकींचा आवाज हुबेहूब सारखा होता. गळ्यावर आवाज बदलणारी चकती सक्तीची झाल्यापासून सगळं शहर याच एका आवाजात बोलत होतं. शाल्मलीला त्याची सवय झाली होती. द्वारकाबाईंना मात्र दिसत नव्हतं. त्या माणसं आवाजावरून ओळखायच्या.

"लहानपणीचं काहीही विचार ना."

"बोललेलं सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. तिथेच थांब."

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळाने तापलेल्या तेलात मिरच्या तडतडल्या आणि दाराच्या फटीतून खकाणा बाहेर आला. शाल्मलीने नाक दाबलं, पण शिंक आलीच. आधी उंदरासारखी चिरकी, मग भांड्यांची मांडणी कोसळावी तशी. चकतीला अजून शिंका बदलता येत नव्हत्या.

कडी खाडकन निघाली.

"अगोबाई, बापाचीच शिंक ही!" द्वारकाबाई हसत, रडत तिचा चेहरा चाचपू लागल्या.

तेवढ्यात शाल्मलीच्या गळ्यावरची चकती थरथरली. "नवा आवाज नोंदवला: शिंक. दुरुस्ती पूर्ण."

द्वारकाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "शिंक ना अजून एकदा," त्या म्हणाल्या.

खकाणा घरभर पसरला होता. शाल्मलीने दोन्ही हातांनी नाकतोंड घट्ट दाबून धरलं.