चाटूनपुसून

"काल सगळं खाल्लं काय गं बाळानं?" समोरच्या मगदूमकाकूंनी दारातूनच विचारलं.

"चाटूनपुसून," मी म्हणाले.

कोल्हापूरला येणारे पर्यटक हमरस्त्यावरूनच पुढे जातात, आत परकं कुणी वळत नाही. आमच्या कॉलनीत दिवसभर दारं उघडी असतात. कडी फक्त माझ्या दाराला. आम्ही राहायला आल्यापासून काकू माझ्या बाळासाठी, अन्वयसाठी, रोज वाटीभर नाचणीचं सत्त्व पाठवतात. परक्या घरचं म्हणून मी ते बेसिनमध्ये ओतते आणि वाटी घासून परत देते.

आज त्या वाटी घेऊन आत आल्या, त्याला मांडीवर घेऊन स्वतःच भरवू लागल्या. त्यानं तोंड वाकडं केलं, सगळं बाहेर ढकललं. माझे कान तापले.

काकूंनी पदरानं त्याची हनुवटी पुसली. "पहिलाच चमचा हाय न्हवं, सोन्या. कळंल चव हळूहळू," त्या त्यालाच म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.