शांत आवाज
रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन वाजला. "माझ्या मुलीला श्वास घेता येत नाहीये," बाई शांतपणे म्हणाली. आवाजातली घबराट मोजणाऱ्या संगणकाने निकाल दिला: तातडी नाही, अर्धा तास थांबवा. फोन घेणारीचा हात तरीही गाडी पाठवायच्या बटणाकडे गेला. "अहो, एकच गाडी उरलीये," मागून साहेब म्हणाले, "अंदाज चुकला तर नोकरी जाईल." तिने फोनवर विचारलं, "ताई, मुलगी कुठेय?" "मांडीवर. माझ्याकडेच बघतेय. मी घाबरले तर ती आणखी घाबरेल." फोन घेणारीने बटण दाबलं. सात मिनिटं बाई लेकीला हळू आवाजात गोष्ट सांगत राहिली. मग फोनवर दार उघडल्याचा आवाज आला. "ऑक्सिजन लावलाय, श्वास घेतेय," गाडीतून आलेले डॉक्टर म्हणाले आणि बाई ओक्साबोक्शी रडू लागली. "रडा, ताई, आता मनसोक्त रडा. मी फोन ठेवत नाही."