ओळख पटेपर्यंत

परजीवी माशा ओळखाव्यात तर तिच्या नवऱ्यानेच. पाठीवरचे राठ केस आणि पंखांवरच्या शिरा भिंगाखाली पाहिल्याशिवाय तो कुठल्याच माशीला नाव देत नसे. कोणी नुसती अळी आणून दिली, तर "मोठी होऊ दे, माशी झाली की सांगतो" म्हणून वाटेला लावायचा.

जंगलातून नमुने गोळा करून आल्यापासून मात्र त्याला चैन नव्हतं. खांद्यावर गळू आलं होतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहायचा, आणि तिच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी तिने त्याला ओढतच नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी गळू जरा दाबून पाहिलं. "आत माशीची अळी वाढतेय. घाबरू नका, आत्ता काढतो."

नवऱ्याची चुळबुळ एकदम थांबली. "कुठल्या माशीची?"

"ते मला काय ठाऊक? ते तुमचं खातं," म्हणत डॉक्टरांनी चिमटा उचलला.



नवऱ्याने घाईघाईने शर्ट खांद्यावर ओढून घेतला. "मग आत्ता नको, डॉक्टर. मोठी होऊ दे."