पायांखालचं स्टूल

फिलिपिन्समधल्या इलोइलो बंदराच्या चर्चमध्ये आम्ही खुर्च्या मांडत होतो. मी शिकवलेल्या वस्तीतल्या पोरांचा पियानोचा कार्यक्रम तासाभरावर होता. पहिला मान सगळ्यात धाकट्या लुनिंगचा होता, पण ती डेंग्यूने गेली. कालच नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. आता सुरुवात पेर्ला करणार होती. इतक्यात लुनिंगचा बाप, तेबान सुतार, स्टूल घेऊन आला. लेकीचे लोंबकळणारे पाय टेकावेत म्हणून त्याने केलेलं. "पेर्लाला होईल, बाई." पेर्ला बसली. ती लुनिंगहून उंच. स्टुलावर पाय ठेवताच तिचे गुडघे पियानोला आपटले. "राहू दे, तेबान. पुठ्ठ्याचं खोकं ठेवते," मी म्हणाले. त्याने करवत काढली. "दर वाढदिवसाला याचे पाय दोन बोटं कमी करायचंच ठरलं होतं, बाई. पोरगी वाढणारच होती ना." चारही पाय कापून त्याने स्टूल पेर्लाच्या पायांखाली सरकवलं. मग वाकून लाकडाचे चार तुकडे वेचले आणि खिशात घातले.