ओळख पटली नाही

"हसा," असं मोबाइलवर लिहून आलं आणि आप्पा हसले.

तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी होती तिथेच राहिली, गेलं दीड वर्ष राहत आली होती तशी. चेहऱ्याभोवतीचं वर्तुळ लाल झालं आणि खाली अक्षरं उमटली: ओळख पटली नाही. दोन संधी शिल्लक.

त्यांच्या मुलाने, दीपकने, मोबाइल खाली घेतला. सकाळपासून तो याच्याच मागे होता, आधी फोनवर, मग कॅमेऱ्यासमोर. बर्फाच्या फॅक्टरीतली आजची रजा यात गेली, परवाचीही यातच गेली होती.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका गेमसाठी. टेबलाला सुकाणूचं चाक लावायचं, समोर पडद्यावर समुद्र, आणि आपण होडी हाकायची. नाटे गावच्या बंदरात चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकलेल्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू आप्पांनी दोन दिवसांत खिडकीतून बाहेर टाकला. मी काय लहान पोर आहे का, म्हणाले. चाक मात्र ते रोज दुपारी दोन्ही हातांनी धरत, पडद्यावरच्या परदेशी खलाशांना शिव्या घालत. चार महिन्यांत उजव्या हाताची बोटं चहाचा कप धरण्याइतकी उघडली होती. गेल्या तीन आठवड्यांत ती पुन्हा मिटत चालली होती, आणि दीपकला ते रोज जेवताना दिसत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी कॉम्प्युटर बंद पडला. नाट्याच्या खाऱ्या हवेत दाराची कडी टिकत नाही, कॉम्प्युटरची काय कथा. राजापूरच्या केतनने आतला बोर्ड बदलून दिला. कॉम्प्युटर झकास चालू झाला, गेम तेवढा उघडेना. हा कॉम्प्युटर वेगळा आहे, असं तो म्हणायला लागला. दीपकने गेम रीतसर विकत घेतलेला. पण कुणी चोरून वापरू नये म्हणून कंपनीने तो एकाच कॉम्प्युटरला बांधून ठेवला होता. बोर्ड बदलला की त्यांच्या लेखी कॉम्प्युटर बदलला.

आप्पांना हे काही केल्या पटलं नव्हतं. झटक्यापासून त्यांचे शब्द जड झाले होते, तरी एकेक शब्द ओढत त्यांनी विचारलं होतं, "माझ्या होडीचं मशीन तीनदा बदललं. फळ्या तर सगळ्याच बदलल्या. नंबर तोच ऱ्हायला. होडी दुसरी हाय, असा कोण म्हणालान काय?"

दीपकने कंपनीला फोन लावला, तर फोनवरची मुलगी हिंदीत फार गोड बोलत होती. सर, खातेदाराने फक्त चेहरा दाखवायचा, दोन मिनिटांचं काम आहे, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं. खातेदार कोण, इथेच दीपकची चूक झाली होती. घरातली होडी, घरपट्टी, लाइटचं बिल, सगळं आप्पांच्या नावावर; वडील असताना मुलाने आपलं नाव पुढे करायचं नाही, ही घरातली रीत. तीच धरून त्याने गेमसुद्धा आप्पांच्या नावावर घेतला, आणि फोटो मागितल्यावर होडीच्या कागदांतला जुना फोटो चढवला. त्या फोटोत आप्पांचे दोन्ही गाल भरलेले आहेत आणि मिशी सरळ आहे.

दुसऱ्या वेळी दीपकने स्वतःच्या अंगठ्याने आप्पांच्या ओठाचा उजवा कोपरा वर उचलून धरला. आप्पा लहान मुलासारखे गप्प बसून राहिले. चेहऱ्यासमोर अडथळा आहे, असं मोबाइलने कळवलं.

तिसऱ्या वेळी आप्पांनी जीव तोडून प्रयत्न केला. कपाळाची शीर फुगली, डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

"हसलंय काय रे?" त्यांनी विचारलं.

"हसलास, आप्पा."

वर्तुळ लाल झालं. तुमच्या सुरक्षेसाठी हे खातं तीस दिवस बंद ठेवण्यात येत आहे. फोनवरच्या मुलीला त्याने हे वाचून दाखवलं, तेव्हा तीही म्हणाली, नियम तुमच्या भल्यासाठीच आहे सर, तुमचा गेम दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून. दीपकने बरं म्हणून फोन ठेवला. त्याला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात काहीतरी त्राण लागतं.

तो उठला आणि कपाटातून पेनड्राइव्ह काढून आणला. कॉम्प्युटर परत देताना केतनने तो त्याच्या हातात कोंबला होता. हाच गेम, चोरीचा. असू दे, लागेल, असं केतन म्हणाला तेव्हा दीपकला अपमान वाटला होता. परवान्याशिवाय ज्याने कधी होडी बंदराबाहेर काढली नाही, त्याच्या घरात चोरीचा माल कशाला, असं तो तोऱ्यात बोलूनही आला होता. आता त्याने मुकाट्याने पेनड्राइव्ह लावला.

दहा मिनिटांत पडद्यावर समुद्र आला. आप्पांनी चार महिने केलेल्या फेऱ्या त्यात नव्हत्या. होडी अगदी पहिल्या बंदरात, धक्क्याला बांधलेली होती.

आप्पा पडद्याकडे वाकले.

"ह्यानं कसा ओळखलान मला?"

"ह्यो विचारीतच नाय, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून चाकावर ठेवला, आणि त्याचं एकेक बोट सोडवून चाकाभोवती बसवायला लागले.