भट्टीमागची भिंत

दुसऱ्याच्या कारखान्यात यायचं आणि मालकाच्याच शब्दावर संशय घ्यायचा, ही कसली रीत? तपासणीला आलेली ती मुलगी मालकाच्या आईला आल्याआल्याच खटकली. परदेशी जाणाऱ्या मालावर जळलेल्या कोळशाप्रमाणे कर बसतो, हे मान्य. पण म्हणून लेकाला खोटं पाडायचं?

"आजी, भट्टीमागच्या भिंतीवर रेघा कसल्या?"

"कोळशाची एक ट्रॉली आली की एक रेघ. वर्षाच्या एक्क्याण्णव. माझी रेघ चुकायची नाही," तिने ठसक्यात सांगितलं.

मुलीने मालकाने भरलेला फॉर्म पुढे केला. ट्रॉल्या चाळीस. खाली लेकाची सही.

शेजारी उभा असलेला लेक खिडकीबाहेर बघू लागला. आईची मान मात्र खाली गेली.

"तुझंच बरोबर, पोरी. भिंतीवरचा आकडा लिही. याला मोजायला मी अशाच रेघांवर शिकवलं. खरं बोलायला शिकवायचं राहून गेलं."