नापास हात

कॅफेत अकरा वर्षं कॉफी करणाऱ्या ताईंना मालकाने बजावलं, "बरिस्ताचं सर्टिफिकेट मिळवा, नाहीतर कपबशा विसळा."

परीक्षक आले तेच जांभया देत. आधी ताईंच्या हातची दोन कप कॉफी त्यांनी मिटक्या मारत संपवली, तेव्हा कुठे डोळे उघडले. मग त्यांनी ताईंना नापास केलं. का, तर दूध किती तापलंय हे ताई भांड्याला हात लावून ओळखतात. आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेला मालकाचा भाचा मात्र थर्मामीटर धरून दोघांत पहिला आला.

निघताना परीक्षक हळूच म्हणाले, "ताई, वाटेत प्यायला एक कप द्या ना. तुमच्याच हातची हं!"



कपबशा विसळता विसळता ताई म्हणाल्या, "भाचेसाहेबांना सांगा, थर्मामीटर बुडवून देतील."